जोडणीची वाट: एएस/४०० वरच्या संथ क्वेरी आणि इंडेक्स

दोन-तीन फाइली जोडून उत्तर मागणारी क्वेरी एएस/४०० वर रेंगाळते, तेव्हा तिचा बराचसा वेळ जोडणीसाठी लागणारी वाट जागच्या जागी बांधण्यात गेलेला असतो. ही वाट म्हणजे इंडेक्स. आयबीएमच्या या यंत्राच्या परिभाषेत तिला नावही तसेच आहे: ॲक्सेस पाथ. वाट आधीपासून तयार असेल तर यंत्र तिच्यावरून निघते. नसेल तर बऱ्याचदा अख्खी फाइल वाचून नवी वाट बांधते, तिच्यावरून एकदा जाते आणि क्वेरी संपली की ती मोडून टाकते. दुसऱ्या दिवशी तोच अहवाल मागितला की बांधकाम पुन्हा पायापासून सुरू. पडद्यासमोर बसलेल्या माणसाला यातले काही दिसत नाही. त्याला फक्त खालच्या ओळीत क्वेरी चालू असल्याचा निरोप दिसतो.

एएस/४०० हे यंत्र २१ जून १९८८ रोजी जाहीर झाले. ते घडवले गेले अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, रॉचेस्टर इथल्या आयबीएमच्या केंद्रात. त्याची कल्पना मात्र दहा वर्षे जुनी, १९७८ साली जाहीर झालेल्या सिस्टिम/३८ ची. दोन्हींच्या रचनेमागे फ्रँक सॉल्टिस या अभियंत्याचे डोके होते. मेनफ्रेम परवडत नाही आणि पीसीवर भागत नाही, अशा घाऊक व्यापाऱ्यांचा, कारखान्यांचा, विमा कंपन्यांचा हा संगणक. डेटाबेस त्यावर वेगळा विकत घेऊन बसवावा लागत नाही, तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या आतच असतो. गंमत अशी की कित्येक वर्षे त्या डेटाबेसला स्वतंत्र नावही नव्हते. डीबी२/४०० हे नाव पडले १९९० च्या दशकात. पुढे यंत्राचे नाव आयसिरीज, सिस्टिम आय असे बदलत गेले. २००८ पासून पॉवर सर्व्हरवर चालणाऱ्या या प्रणालीला आयबीएम आय म्हणतात, पण या धंद्यातली माणसे अजून ‘एएस/४००’च म्हणतात, आणि या प्रकरणातही तेच नाव ठेवले आहे.

या यंत्रावर फाइली मुख्यतः दोन तऱ्हेच्या असतात. फिजिकल फाइलीत प्रत्यक्ष रेकॉर्ड असतात, साधारणपणे ज्या क्रमाने आले त्या क्रमाने. लॉजिकल फाइलीत माहिती नसते. एखाद्या फिजिकल फाइलीकडे अमुक रकान्याच्या क्रमाने कसे पाहायचे, एवढेच तिला ठाऊक असते. ग्राहक-क्रमांकावर किल्ली असलेली लॉजिकल फाइल उघडली की आरपीजी या इथल्या नेहमीच्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामला सगळे ग्राहक क्रमाने लागल्यासारखे दिसतात. एसक्यूएलमध्ये हेच काम इंडेक्स करतो. फरक इतकाच, की लॉजिकल फाइल नावाने उघडता येते आणि इंडेक्सचे नाव क्वेरीत घेता येत नाही. तो वापरायचा की नाही हे ऑप्टिमायझर, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते निवडणारा डेटाबेसचा भाग, ठरवतो. आतली रचना मात्र दोन्हींची एकच, बायनरी रॅडिक्स ट्री. इतर बहुतेक डेटाबेस बायर आणि मॅक्क्राइट यांनी १९७० च्या सुमारास मांडलेल्या बी-ट्रीवर चालतात. रॅडिक्स ट्रीत किल्ल्यांचा समान असलेला सुरुवातीचा भाग एकदाच साठवला जातो आणि जिथे त्या वेगळ्या होतात तिथे फांदी फुटते. ‘पाटणकर’ आणि ‘पाटसकर’ यांच्यातला ‘पाट’ एकदाच लिहायचा, तसे.

वाटेची किंमत कळायला हिशेब मांडलेला बरा. एका घाऊक व्यापाऱ्याकडे तीन फाइली आहेत असे धरू: ४० हजार ग्राहक, तीन वर्षांच्या ३ लाख ऑर्डरी आणि त्या ऑर्डरींतल्या मालाच्या १२ लाख ओळी. ओळींच्या फाइलीत ग्राहक-क्रमांकही आहे आणि प्रत्येक ओळीपुढे ग्राहकाचे नाव हवे आहे. ग्राहक-क्रमांकावर इंडेक्स नसेल आणि प्रत्येक ओळीसाठी ग्राहकांची फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली, तर तुलना होतील ४,८०० कोटी. इंडेक्स असेल तर ४० हजारांतला एक ग्राहक साधारण १६ पायऱ्यांत सापडतो, म्हणजे एकूण तुलना २ कोटींच्याही आत. ओळीगणिक अख्खी फाइल चाळण्याचा मूर्खपणा कोणताही ऑप्टिमायझर करत नाही, हे खरे. म्हणूनच इंडेक्स सापडला नाही की तो आधी तात्पुरता इंडेक्स बांधतो किंवा दुसरी युक्ती शोधतो. पण वाट नसल्याचा खर्च कुठे ना कुठे भरावाच लागतो.

एका फाइलीतले रेकॉर्ड घ्यायचे, त्याच्या जोडीदारासाठी दुसऱ्या फाइलीत शोध घ्यायचा, मग पुढचे रेकॉर्ड घ्यायचे, या पद्धतीला नेस्टेड लूप म्हणतात. आरपीजीत रीड आणि चेन या आज्ञांनी हेच लूप प्रोग्रामर स्वतः लिहीत आला आहे. तिथे कोणती फाइल आधी वाचायची हे त्याच्या हातात असते. एसक्यूएलमध्ये तो निर्णय यंत्राकडे जातो, आणि जोडणीचा वेग इंडेक्सइतकाच या क्रमावर अवलंबून असतो. संबंधात्मक डेटाबेसची कल्पना एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएममध्येच मांडली होती. खर्चाचा अंदाज बांधून असा क्रम निवडण्याची पद्धत पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केली, तीही आयबीएममधूनच.

आता त्याच व्यापाऱ्याचा दुसरा प्रश्न: एका विभागातल्या ग्राहकांनी एका महिन्यात मागवलेला सगळा माल दाखवा. विभागात २ हजार ग्राहक आहेत, म्हणजे एकूण ग्राहकांच्या ५ टक्के. महिन्याला सरासरी ८,३०० ऑर्डरी येतात. सुरुवात तारखेपासून केली तर ८,३०० ऑर्डरी घ्यायच्या, प्रत्येकीचा ग्राहक शोधायचा आणि त्यातल्या सुमारे ४०० ठेवून बाकी सोडून द्यायच्या. मग त्या ४०० ऑर्डरींच्या सुमारे १,६०० ओळी. सुरुवात ग्राहकांपासून केली तर २ हजार ग्राहक घ्यायचे आणि प्रत्येकाच्या त्या महिन्यातल्या ऑर्डरी शोधायच्या. हे शोध २ हजारच, पण एका अटीवर: ऑर्डरींच्या फाइलीवर ग्राहक-क्रमांक आणि तारीख असा जोडकिल्लीचा इंडेक्स हवा. नुसता ग्राहक-क्रमांकावरचा असेल तर त्या २ हजार ग्राहकांच्या तिन्ही वर्षांच्या मिळून १५ हजार ऑर्डरी उचलून पाहाव्या लागतील आणि १४,६०० परत ठेवाव्या लागतील. आणि मालाच्या ओळींपासून सुरुवात झाली तर १२ लाख ओळी वाचून शेवटी हाती तेवढ्याच १,६०० यायच्या.

जोडकिल्लीतला क्रम इथे फार महत्त्वाचा. टेलिफोन डिरेक्टरीत आडनाव आधी आणि नाव नंतर असते, म्हणून ‘कुलकर्णी’ सगळे एका ठिकाणी सापडतात; सगळे ‘विनायक’ शोधायचे तर अख्खी डिरेक्टरी चाळावी लागते. ज्या रकान्यांची तंतोतंत बरोबरी तपासायची ते आधी, जोडणीचे रकाने त्यांच्यासोबत, आणि ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशी अट असलेला रकाना सगळ्यात शेवटी. फक्त न पाठवलेल्या ऑर्डरी हव्या असतील तर किल्ली होते स्थिती, ग्राहक-क्रमांक, तारीख. तारीख पुढे घेतली की तिच्यामागचे रकाने जवळपास वाया जातात, कारण महिन्याच्या तीस तारखांत ग्राहक तीस ठिकाणी विखुरले जातात. संथ क्वेरीच्या तक्रारींत ‘इंडेक्स तर आहे’ असे उत्तर जिथे मिळते, तिथे पुष्कळदा हाच घोळ असतो.

ऑप्टिमायझर हा हिशेब कशावरून करतो? रेकॉर्ड मोजून पाहायला त्याला वेळ नसतो, तो अंदाज बांधतो. इंडेक्स असेल तर त्यात डोकावून अमुक मूल्याच्या किती किल्ल्या आहेत याचा अदमास लागतो. काहीच नसेल तर जुने, म्हणजे २००२ पूर्वीचे, क्वेरी इंजिन ठरावीक आकडे धरते: बरोबरीच्या अटीला १० टक्के रेकॉर्ड, ‘पेक्षा मोठे’ला ३३ टक्के, दोन टोकांमधल्या मूल्यांना २५ टक्के. वरच्या उदाहरणात हे आकडे लावले तर विभागात ४ हजार ग्राहक निघतात, म्हणजे खऱ्याच्या दुप्पट. महिन्याच्या ऑर्डरी निघतात ७५ हजार, म्हणजे खऱ्याच्या नऊपट. चुकीच्या नकाशावरून निघालेला माणूस कधी बरोबर गावी पोचतोही, पण त्या भरवशावर कोणी निघू नये. म्हणून जो इंडेक्स जोडणीत प्रत्यक्ष वापरला जात नाही, तोही नुसता अंदाजापुरता उपयोगी पडतो.

यंत्राने काय ठरवले ते पाहण्याची जुनी आणि आजही हाताशी असलेली सोय म्हणजे जॉब लॉग. क्वेरी चालवण्याआधी स्टार्ट डीबग ही आज्ञा दिली की ऑप्टिमायझर आपले निर्णय लॉगमध्ये लिहीत जातो. सीपीआय४३२९ हा निरोप आला तर फाइल आगमनक्रमाने, म्हणजे सरसकट वाचली. सीपीआय४३२८ म्हणजे तयार वाट वापरली. सीपीआय४३२६ जोडणीत कोणती फाइल कितव्या स्थानी होती ते सांगतो. सगळ्यात मोलाचा सीपीआय४३२१: या फाइलीसाठी तात्पुरता ॲक्सेस पाथ बांधला. त्या निरोपावर कर्सर नेऊन मदतीची कळ दाबली की कोणत्या रकान्यांवर तो बांधला तेही वाचायला मिळते. तेच रकाने घेऊन कायमचा इंडेक्स बनवला की निम्मे काम झाले. यंत्र स्वतःच औषधाची चिठ्ठी लिहून देते, आणि तरी ती न वाचता नवीन प्रोसेसर मागवणाऱ्यांची या क्षेत्रात कधी वाण पडली नाही.

आणखी एक निरोप चक्रावून टाकणारा: सीपीआय४३२ए, ऑप्टिमायझरची वेळ संपली. एखाद्या फाइलीवर पन्नास-साठ लॉजिकल फाइली असल्या तर जुने इंजिन त्या सगळ्या तपासत बसत नाही. शोधण्यातच क्वेरीपेक्षा जास्त वेळ जाईल असे वाटले की ते थांबते आणि तोवर सापडलेल्यांतली बरी वाट घेते. तपासणी सुरू होते सर्वांत अलीकडे बनवलेल्या इंडेक्सपासून. म्हणून उपयोगाचा पण जुना इंडेक्स पाडून पुन्हा तसाच बनवला की क्वेरी अचानक पळू लागते. ज्यांना कारण ठाऊक नव्हते त्यांना हा निव्वळ चमत्कार वाटत असे.

इंडेक्स आहे, किल्लीचा क्रमही बरोबर आहे, तरी तो वापरला जात नाही, असेही घडते. नेहमीचे कारण म्हणजे दोन्हीकडचे रकाने एका जातीचे नसणे. एका फाइलीत ग्राहक-क्रमांक पाच अंकी संख्या, दुसरीत पाच अक्षरांचा मजकूर. मूल्ये सारखी दिसतात, पण तुलना करण्यापूर्वी एक बाजू बदलून घ्यावी लागते आणि बदललेल्या मूल्यांचा इंडेक्स कुठेच नसतो. ज्या कंपन्या आयबीएमच्याच जुन्या सिस्टिम/३६ वरून एएस/४०० वर आल्या, त्यांच्याकडे अशा विसंगती हटकून सापडतात, कारण तिथे रकान्यांची व्याख्या फाइलीत नसून प्रत्येक प्रोग्रामच्या पोटात असे. दुसरे कारण तारखेचे. जुन्या फाइलींत वर्ष, महिना आणि दिवस असे तीन वेगळे रकाने आढळतात. क्वेरीत ते जोडून एक तारीख केली आणि तिची तुलना केली की तिन्ही रकान्यांवरचा इंडेक्स बाजूला पडतो. अट त्या-त्या रकान्यावर सुटी लिहिली तर तो पुन्हा कामाला येतो. अशा गणिती किल्लीचाच इंडेक्स बनवण्याची सोय २००८ मधल्या ६.१ आवृत्तीपासून झाली, पण नीट लिहिलेली अट फुकटात मिळते.

इंडेक्स वापरणे नेहमीच शहाणपणाचे असते असे मात्र नाही. इंडेक्समधून रेकॉर्डचा पत्ता मिळतो, पण ते रेकॉर्ड डिस्कवर कुठेही पडलेले असू शकते. १९९० च्या दशकातल्या डिस्कला अशी एक उडी मारायला सुमारे १० मिलिसेकंद लागत. १२ लाख ओळींसाठी १२ लाख उड्या म्हणजे १२ हजार सेकंद, तीन तास वीस मिनिटे. तेच १२ लाख रेकॉर्ड प्रत्येकी १०० बाइटचे धरले तर फाइल १२० मेगाबाइटची. सेकंदाला ४ मेगाबाइट या वेगाने सलग वाचली तर अर्ध्या मिनिटात संपते. म्हणून फाइलीचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग लागणार असेल तर ती सरळ वाचणेच बहुधा स्वस्त पडते. अशा वेळी हॅश पद्धत उपयोगी ठरते: लहान फाइलीची मेमरीत कप्पेवार मांडणी करायची आणि मोठी फाइल एकदाच वाचत प्रत्येक रेकॉर्ड आपल्या कप्प्यापाशी न्यायचे. जोडणी बरोबरीच्या अटीवर असेल तरच हे जमते. उड्या कमी करण्याचा आणखी एक साधा उपाय म्हणजे फिजिकल फाइलच किल्लीच्या क्रमाने पुन्हा रचून घेणे. एका ऑर्डरीच्या चार ओळी शेजारी-शेजारी आल्या की चार उड्यांच्या जागी एक पुरते.

‘विभाग’, ‘स्थिती’ अशा मोजकीच मूल्ये असलेल्या रकान्यांसाठी या यंत्रावर एन्कोडेड व्हेक्टर इंडेक्स नावाचा वेगळा प्रकार १९९० च्या दशकाच्या अखेरीस आला. त्यात प्रत्येक मूल्याला एक छोटा संकेत दिला जातो आणि रेकॉर्डांच्या क्रमाने नुसते संकेत मांडले जातात. मूल्ये थोडी असतील तर एका रेकॉर्डाला एक बाइट पुरतो, म्हणजे १२ लाख ओळींचा सगळा इंडेक्स जेमतेम सव्वा मेगाबाइटचा. निवड करायला तो उत्तम. नेस्टेड लूपमध्ये एकेक जोडीदार शोधायला मात्र तो चालत नाही, तिथे रॅडिक्सच लागतो.

२००२ मध्ये व्ही५आर२ या आवृत्तीबरोबर नवे क्वेरी इंजिन आले. ते रकान्यांची आकडेवारी पार्श्वभूमीवर स्वतःच गोळा करते, त्यामुळे १० आणि २५ टक्क्यांच्या ठोकताळ्यांवर त्याला तितके विसंबावे लागत नाही. पण क्वेरीत टेबलाऐवजी लॉजिकल फाइलीचे नाव लिहिले की काम गुपचूप जुन्या इंजिनाकडे जाई, आणि बरीच वर्षे हे असेच चालले. पुढे तात्पुरते इंडेक्सही टिकाऊ झाले. व्ही५आर४ पासून असा इंडेक्स एका क्वेरीसाठी बांधला तरी तो दुसऱ्या जॉबनाही वापरता येतो आणि नव्या नोंदींबरोबर अद्ययावतही राहतो. यंत्र बंद करून सुरू केले की मात्र तो नाहीसा होतो. रविवारच्या देखभालीनंतर सोमवारी सकाळी सगळेच संथ का असते, याचे उत्तर कित्येक कार्यालयांत इथे दडलेले असते. त्याच आवृत्तीत इंडेक्स ॲडव्हायझरही आला. यंत्राला कुठे कोणता इंडेक्स हवासा वाटला याच्या नोंदी तो क्यूएसवायएस२ या लायब्ररीतल्या टेबलात ठेवतो. हा सल्ला जसाच्या तसा अमलात आणणे धोक्याचे. प्रत्येक क्वेरीचा विचार तो सुटा-सुटा करतो, त्यामुळे एका चांगल्या जोडकिल्लीने भागेल तिथे चार इंडेक्स सुचवतो.

आणि इंडेक्स काही फुकट मिळत नाही. एका फाइलीवर बारा वाटा असतील तर नव्या ऑर्डरीचे रेकॉर्ड लिहिताना त्या बाराही ठिकाणी नोंद करावी लागते. देखभाल कधी करायची याचे पर्याय यंत्र देते: लगेच, लांबवून किंवा फाइल उघडताना नव्याने. पण अनन्य किल्लीला ‘लगेच’शिवाय गत्यंतर नाही, नाहीतर दुबार क्रमांक वेळीच पकडला जाणार नाही. किल्ल्या जुळत असतील तर दोन लॉजिकल फाइली एकच ॲक्सेस पाथ वाटून घेतात, तेव्हा लॉजिकल फाइलींची संख्या आणि खऱ्या वाटांची संख्या एक नसते. रात्री लाखो रेकॉर्ड भरायचे असतील तर आधी इंडेक्स काढून टाकणे आणि भरणी झाल्यावर एकदाच बांधणे पुष्कळदा परवडते, कारण एका दमात बांधलेला इंडेक्स लाख वेळा दुरुस्त केलेल्यापेक्षा लवकर तयार होतो.

न वापरलेले इंडेक्स शोधायला प्रणालीच्या कॅटलॉगमध्ये शेवटच्या वापराची तारीख आणि क्वेरीने तो किती वेळा वापरला याची मोजणी मिळते. पाडण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, एखादा आरपीजी प्रोग्राम ती लॉजिकल फाइल नावाने उघडतो का. कारण अशा थेट वापराची मोजणी क्वेरीच्या आकड्यात येत नाही. दुसरी, वर्षातून एकदाच चालणारा अहवाल. मार्चअखेरच्या हिशेबासाठी लागणारी वाट एप्रिल ते फेब्रुवारी निर्मनुष्य दिसते. ती वर्षभर सांभाळण्यापेक्षा तिची व्याख्या जपून ठेवून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बांधायची आणि हिशेब जुळला की पाडायची, हे कमी खर्चाचे.